कोपऱ्यातल्या खांबाचा पाय

गुणवंतला शेड नको होती. योकोहामातल्या फ्लॅटमध्ये राहणारा माणूस तो, गाडी त्याच्याकडे नव्हतीच. तरी १९९६ साली त्याचे जपानी सासरे तानिगावा धाकट्या जावयाच्या, केनच्या, घराला लागून गाडीसाठी लाकडी शेड बांधायला निघाले आणि गुणवंतच्या पोटात दुखायला लागलं. म्हातारा चाळीस वर्षं सुतार. निवृत्त झाल्यावर पहिल्यांदा हत्यारं काढली ती केनसाठी. गुणवंतच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, त्याच्यासाठी साधं स्टूल ठोकलं नव्हतं. शिवाय केनला नुसतं 'केन', आणि याला अजून परक्यासारखं आदरार्थी 'गुणवंत-सान'. घरच्या माणसाला कोणी सान लावतं का?

राबायला मात्र यालाच बोलावलं. गुणवंतने लाकडं वाहिली, रंधा मारला, घराच्या भिंतीला तुळई बोल्टने आवळली. केन दहाला आणि तीनला चहाचा ट्रे घेऊन यायचा आणि सासऱ्यांशेजारी फतकल मारून बेसबॉलच्या गप्पा हाणायचा. सुतारांना चहा द्यावा, हत्याराला हात लावू नये, ही तिथल्या घरमालकाची रीतच. पण जळणाऱ्याला रीत कुठली दिसायला? कामाला मी आणि कौतुकाला तो, एवढंच गुणवंतच्या डोक्यात.

तिसऱ्या रविवारी खांब उभे करायच्या आधी सासऱ्यांनी लाकडाला लावायच्या औषधाचा डबा आणि ब्रश त्याच्याकडे दिला. "पायांना तीन-तीन हात द्या, गुणवंत-सान. लाकूड कुजतं ते पायातून."

दोन खांबांना त्याने नीट तीन हात दिले. कोपऱ्यातल्या खांबाची पाळी आली तेव्हा मागे दोघं खदखदून हसत होते. गुणवंतने ब्रश एकदाच फिरवला. कुजू दे मेल्याचा खांब, असं मनात म्हणाला. संध्याकाळी खांब दगडावर उभा राहिला, पाय झाकला गेला, कोणाला पत्ता लागला नाही.

पुढच्या रविवारी छप्पर चढलं. सासऱ्यांनी शाई काढली आणि भिंतीच्या तुळईवर आधी तारीख, मग स्वतःचं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, गुणवंत. सान नाही.

केन ट्रे घेऊन मान वर करून वाचत होता. "बाबा, माझं नाव?"

"तू मालक. ही सुतारांची नावं."

केनचा चेहरा उतरला. महिनाभर गुणवंत आरशात हाच चेहरा बघत होता. आता खरं तर त्याने पेढे वाटायचे, पण त्याची नजर कोपऱ्याकडे गेली आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

"बाबा," तो म्हणाला, "त्या खांबाला मी एकच हात दिलाय. मुद्दाम."

म्हाताऱ्याने केनच्या गाडीतला जॅक काढला. मग खांब उचलायला तो कोपऱ्यात जाऊन बसला.

"गुणवंत," तो म्हणाला, "डबा आण."