वळणाची बाहेरली कड

कागदावर रस्ते काढणाऱ्यांविषयी रतनबाईंना काडीचा आदर नव्हता. नवरा हनुमंत गेल्यावर त्याच्या जागी त्या मैलकुली म्हणून लागल्या आणि भोर-कापूरहोळ रस्त्यावरचे खड्डे बुजवण्यात, गटारं उपसण्यात, कडेची झुडपं तोडण्यात सव्वीस वर्षं गेली. तेवढ्या काळात त्यांनी अकरा साहेब पाहिले. बहुतेक गाडीतून उतरलेच नाहीत. जे उतरले त्यांचं सगळं लक्ष बुटाला डांबर लागू नये याकडं.

मग रस्ता रुंद झाला. भाटघरच्या अलीकडचं ओढ्यावरचं वळण ठेकेदारानं आरशासारखं गुळगुळीत केलं, पण बाहेरच्या अंगाला उतरतं सोडलं. रतनबाईंनी मुकादमाला गाठलं.

“भाईरली कड खाली ऱ्हायलीय. गाडी वड्यात जाईल.”

“तुम्ही घमेली उचला, मावशी,” मुकादम म्हणाला.

त्या वर्षात दोन मोटरसायकली आणि भाजीचा एक टेम्पो ओढ्यात गेला. टेम्पोवाला मेला. खात्यानं काय केलं? बाभळीच्या आड, कुणाला दिसणार नाही अशा बेतानं, सावकाश जाण्याचा यमकातला फलक लावला. रतनबाई येता-जाता त्याच्याकडं बघून थुंकायच्या.

पावसाळा सरता सरता शाळेच्या नूतनबाई स्कूटरसकट खाली गेल्या. मांडीचं हाड मोडलं. त्यांना वर काढणाऱ्यांत रतनबाई होत्या. बाई शुद्धीवर होत्या आणि एकच म्हणत होत्या, “मी हळूच होते हो.”

चौथ्या दिवशी शौनक नावाचे नवे साहेब पाहणीला आले. वळणाचे फोटो काढले आणि म्हणाले, “अतिवेग. लोकांना शिस्त नाही.”

“ती बाई सायकलवाल्याला पुढं जाऊ देती,” रतनबाई म्हणाल्या.

“मावशी, हे तांत्रिक असतं.”

रतनबाईंनी ओढ्यावरून कळशी भरून आणली आणि रस्त्याच्या मधोमध ओतली. पाणी सरसर बाहेरच्या कडेला गेलं आणि खाली पडलं.

“वळणावर पानी आतल्या अंगाला याया पायजे. म्या अडानी हाय, मला कळतंय. तुमी किती शिकलाव?”

मुकादमानं मान खाली घातली. साहेब लाल झाले; पण दोन दिवसांनी मोजणीचं यंत्र घेऊन परत आले. यंत्रानंही तेच सांगितलं. एवढ्यापुरतं रतनबाईंनी त्यांना माणसात धरलं, त्याहून जास्त नाही. टेम्पोवाला मेला तेव्हा हे यंत्र कुठं होतं, हे त्यांनी तोंडावर विचारलं.

दिवाळीनंतर बाहेरली कड उचलून घेतली. ओढ्याच्या बाजूला लोखंडी कठडा बसला, अलीकडं चाकं खडखडवणारे पट्टे आले, दिशा दाखवणारे चमकते बाण लागले. बाभळी रतनबाईंनीच तोडल्या. पुढच्या वर्षभरात तिथं एका माणसाला खरचटलंसुद्धा नाही.

मग लोकार्पण. कचेरीच्या जिन्यावर दिवा लावायला सहा महिने घेणारी मंडळी हार घालून घ्यायला सकाळी आठलाच हजर. ज्यांना हे वळण नेमकं कुठं आहे ते ड्रायव्हरला विचारावं लागलं, त्यांनी जीव वाचवल्याची भाषणं केली. शौनकसाहेबांनी रतनबाईंना नारळ द्यायला पुढं बोलावलं. त्या जागच्या हलल्या नाहीत.

मंडळी गेली, पण मागं बारा फुटी फ्लेक्स राहिला. हात जोडलेले नऊ चेहरे, आणि तोही वळणाच्या आतल्या अंगाला उभा केलेला. समोरून येणारी एसटी दिसेना.

रतनबाईंनी कमरेचा कोयता काढून दोऱ्या कापल्या. मुकादम धावत आला.

“अहो, साहेबांचे पाहुणे आहेत त्यात. मी काय सांगू?”

“मोकळ्या वळणावर आडवी आलेली घाण काढली म्हनून सांगा. माजं कामच हाय त्ये.”

आणि नऊच्या नऊ चेहरे गुंडाळून त्यांनी गटाराच्या गाळाबरोबर ट्रॉलीत टाकले.