बुधाजीने सुंदराबाईंना मारलं, त्याची हकीकत

संपात गिरणी गेली तेव्हा बुधाजी चौतीस वर्षांचा विणकर होता. पुढे त्याने भाजी विकली, लॉटरीचा स्टॉल मांडला, मेव्हण्याशी अबोला धरला. हे सगळं लालबागच्या बायकांना तोंडपाठ. पण एकोणपन्नासाव्या वर्षी तो दादरला जाऊन कॉम्प्युटर शिकला, यावर कोणाचा विश्वास बसेना. शिकवणारी बाई देखणी असणार, असं चाळीने ठरवून टाकलं. होती, पण ते असो.

त्या शिक्षणावर त्याला हेरंबच्या टायपिंगच्या दुकानात आठवडाभराच्या बोलीवर काम मिळालं. जमलं तर कायम, नाहीतर राम राम.

काम होतं बंद गिरणीच्या कामगारांच्या यादीचं. एकेका कामगाराच्या चार ओळी: वरच्या ओळीत चांदणीची खूण (*) आणि टोकन नंबर, खाली नाव, खातं, गाव. कामगार मंडळाने सतरा मयतांच्या चिठ्ठ्या दिल्या होत्या. त्यांच्या चांदणीपुढे ‘मयत’ घालायचं. नाव शोधलं की कर्सर नावावर यायचा. तिथून दर वेळी वर कोण चढणार? बुधाजीने एडिटरसाठी, म्हणजे टायपिंगच्या प्रोग्रॅमसाठी, चार ओळींचा हुकूम लिहिला: आहेस तिथून मागे शोधत जा, चांदणी भेटली की थांब. हुकूम एका कळीला बांधला. हेरंबसमोर दाबून दाखवला, कर्सर बरोब्बर चांदणीवर.

“काका, तुम्ही तर आम्हाला घरी बसवाल!” हेरंब म्हणाला.

शनिवारी तीन वाजता सुंदराबाई दुकानात शिरल्या. त्याच गिरणीतल्या, सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या जुन्या. हातात कामगार मंडळातून आणलेली यादीची कच्ची प्रत.

“बुधाजी, मेल्या, मला कधी पोचवलंस रे? आणि हा माझ्या खालचा दत्ताराम जिवंत? त्याच्या तेराव्याचं मी जेवलेय!”

बुधाजीने चिठ्ठ्यांचा गठ्ठा ओढला. चिठ्ठी पाहिली: दत्ताराम. पडद्यावर पाहिलं: मयत सुंदराबाई. बाकीच्या चिठ्ठ्या लावून पाहिल्या, तर काही बरोबर, काहींत वरचाच माणूस मेलेला.

हेरंबने घड्याळ पाहिलं. “काका, यादी पाचला छापखान्यात जाणार. माझ्यासमोर करून दाखवा.”

बुधाजीने केलं. बरोबर. पुन्हा केलं. बरोबर. हेरंब फोनवर गेला, बुधाजीने तिसऱ्यांदा केलं, चूक! कॉम्प्युटर मालकाला घाबरतो की काय, त्याला कळेना. हुकूम तोच, कळ तीच. त्याने चारही ओळी अक्षर न् अक्षर वाचल्या. घाम पुसला. पुन्हा वाचल्या.

सुंदराबाई स्टुलावर बसून पडद्याकडे नव्हे, त्याच्या हाताकडे बघत होत्या. “तू माग चालवतोयस काय रे?”

“काय?”

“दोनदा दाबतोस. हेरंब असला की लाजून एकदा.”

बुधाजी बोटाकडे बघत राहिला. कापडात चूक आली की माग हाताने उलटा फिरवायचा आणि चुकीच्या धाग्यामागचा आणखी एक धागा काढायचा, म्हणजे कापडावर डाग राहत नाही. सोळा वर्षं हाताला हीच सवय: मागे जायचं तर एकदा नव्हे, दोनदा. इथे दुसऱ्या दाबाला कर्सर आधीच चांदणीवर उभा. पायाखालची सोडून तो आणखी मागची शोधायचा. वरचा माणूस फुकट मरायचा.

“मग एकदाच दाबा ना, काका,” हेरंब फोन ठेवून म्हणाला.

बुधाजीने प्रयत्न केला. सातव्या चिठ्ठीला बोट पुन्हा दोनदा पडलं.

“हे बोट काही ऐकायचं नाही,” तो म्हणाला आणि हुकुमात पाचवी ओळ घातली: चांदणीवरच असशील तर हलू नकोस. मग कळ चार वेळा दणादणा दाबली. कर्सर जागचा हलला नाही. सगळे ‘मयत’ पुसून त्याने सतराही चिठ्ठ्या नव्याने लावल्या. सुंदराबाईंनी प्रत्येक नाव तपासलं, आणि मेलेल्यांपैकी तिघांच्या भानगडीही सांगितल्या. त्यातच वीस मिनिटं गेली.

पाचला दहा मिनिटं कमी असताना हेरंबने फ्लॉपी खिशात टाकली. दारातून वळून म्हणाला, “काका, सोमवारी दहाला या. आणि ती पाचवी ओळ मला लिहून ठेवा, माझंही बोट वाईट आहे.”