वाल्दीने रचलेली लाकडं

वाल्दी थोरार्सन बढाईखोर नव्हता, असं त्याची बायकोसुद्धा शपथेवर सांगणार नाही. सप्टेंबरात मासेमारांच्या सभागृहात जेवण होतं. तिथे सगळ्यांसमोर कॉफीचा कप उंचावून हा म्हणाला, "ज्या दिवशी मला माझ्या घरची आग पेटवता येणार नाही, त्या दिवशी मी मुकाट्याने त्या म्हाताऱ्यांच्या इमारतीत राहायला जाईन!"

शेजारी त्याची मुलगी सिग्नी बसली होती. ती नुसती हसली आणि म्हणाली, "पाबी, मी हे लक्षात ठेवीन हं." बापाला पाबी म्हणणारी पोरगी गोड असते, पण तिची स्मरणशक्तीही तेवढीच दांडगी असते. आणि गिम्लीसारख्या छोट्या गावात बढाई काही खासगी राहत नाही. वाल्दी घरी पोचायच्या आत ती तळ्याकाठच्या सगळ्या गल्लीत फिरून आली होती.

आता नोव्हेंबरातला हा रविवार. बाहेर उणे अठ्ठावीस. सिग्नी विनिपेगहून तीनच्या कॉफीला यायची होती आणि वाल्दीच्या दिवाणखान्यातली गॅसची शेकोटी काही केल्या पेटत नव्हती.

थंडीने कोणी मरणार नव्हतं, तळघरातली भट्टी घर गरम ठेवतच होती. पण दिवाणखान्यातली ती शेकोटी म्हणजे वाल्दीची मिशी. तिच्यावाचून माणूस जगतो, पण लोक बघतात.

लोवीसा, म्हणजे त्याची बायको, स्वयंपाकघरात केक कापत होती. आलुबुखाराचा, वेलची घातलेला, सात थरांचा. सहा थरांचा केक करणाऱ्या बाईशी गिम्लीत कोणी सरळ तोंडाने बोलत नाही. तिथून तिला दिवाणखान्यातली तीन बुडं दिसत होती. मधलं नवऱ्याचं. डावीकडचं शेजारच्या ओरेस्टचं, जो जन्मभर शाळेची बस चालवून आता सगळ्यांची यंत्रं दुरुस्त करायचा, म्हणजे उघडून ठेवायचा. आणि उजवीकडचं ग्रीमीचं, जो कुठेही तिसरा असायचा.

"गॅसचा कॉक उघडा आहे का, ते आधी बघ," ओरेस्ट म्हणाला.

"ओरेस्ट, मी म्हातारा झालोय, मूर्ख नाही."

"दोन्ही एकदम होता येतं रे," लोवीसा आतून म्हणाली.

कॉक उघडा होता. ग्रीमी म्हणाला, धुराड्याच्या तोंडावर बर्फ बसला असेल, आणि बाहेर जाऊन आला. परत आला तेव्हा मिशीला बर्फाची झालर. "साफ आहे. चिमणीचं पीससुद्धा नाही."

रोग मात्र सगळ्यांना दिसत होता. बटण दाबून धरलं की ठिणगी पडे, खाली कोपऱ्यात बोटाएवढी निळी ज्योत उभी राही. ही ज्योत नंदादीपासारखी टिकली की मगच मोठी आग पेटते. पण वाल्दीने बोट उचललं रे उचललं की ती गतप्राण.

"अगदी ग्रीमीसारखी आहे," ओरेस्ट म्हणाला. "कोणी दाबून धरलं तरच काम करते."

"बस खड्ड्यात घालणाऱ्याने बोलू नये," ग्रीमी म्हणाला.

शेवटी ओरेस्टने गुडघे झाडत निकाल दिला. "ज्योतीशेजारी ती तांब्याची काडी आहे ना, ती तापली की गॅस चालू राहतो. ती मेली. विनिपेगहून मागवावी लागेल. गुरुवारपर्यंत येईल."

"मला तीनपर्यंत हवीय."

"मग सिग्नीला सांग, गुरुवारी ये."

लोवीसा कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली, खाली ठेवायला वाकली आणि तिची नजर शेकोटीत गेली. एका क्षणात तिला सगळा प्रकार कळला.

त्या शेकोटीतली लाकडं लाकडं नव्हतीच. भाजलेल्या मातीची, साल आणि गाठी रंगवून काढलेली सोंगं. उन्हाळाभर विझवलेली शेकोटी थंडी लागताच वाल्दी साफ करायचा. यंदा ते कालपर्यंत राहून गेलं होतं. काल काच काढून त्याने ती सोंगंही बाहेर काढली होती आणि परत ठेवताना त्याचं पुटपुटणं लोवीसाने ऐकलं होतं, "कुठल्या गाढवाने रचलीत ही? मध्ये हवेला वाट नाही. माझ्या बापाने बघितलं असतं तर कानफटात मारली असती." मग त्याने बापाच्या पद्धतीने रचली. खाली दोन, वर दोन आडवी आणि पुढे एक तिरकं टेकवलेलं. ते तिरकं लाकूड आता नेमकं त्या निळ्या ज्योतीच्या डोक्यावर बसलं होतं. बिचारी वाकून मातीचं लाकूड चाटत होती आणि शेजारची तांब्याची काडी थंडगार.

लोवीसाने ट्रे ठेवला. तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याचं असं होतं, की त्या इमारतीत लिफ्ट होती. कपडे धुवायला तळघराचा जिना उतरायची गरज नव्हती. लोवीसाच्या गुडघ्यांनी अलीकडे त्या जिन्याशी अबोला धरला होता. दुसऱ्या मजल्यावर तिची मैत्रीण डीसा राहत होती, तिच्याकडे रोज पत्त्यांचा डाव पडायचा. सिग्नीबरोबर लोवीसा ती जागा गुपचूप दोनदा बघून आली होती. आज नशिबाने आपण होऊन दार उघडलं होतं. तिने फक्त गप्प राहायचं होतं. लोवीसाला गप्प राहणं जड जातं हे सारं गाव जाणतं, पण तिने साखरेचा खडा दातात धरला आणि त्यावरून कॉफी ओढत राहिली.

कॉफी संपवून ओरेस्ट आणि ग्रीमी हॉकीचा सामना बघायला पळाले. जाताना ग्रीमीने वाल्दीच्या खांद्यावर असा हात ठेवला, जसा मयताच्या घरी ठेवतात.

वाल्दी पुन्हा काच काढलेल्या शेकोटीपुढे पालथा पडला. बटण दाबून धरलं, दुसऱ्या हाताचा आडोसा केला आणि ज्योत डगमगायला लागताच तिच्यावर हळूच फुंकर घातली. फू. फू.

गॅसच्या ज्योतीवर कोणी फुंकर घालतं का! लोवीसाला हसू यायला हवं होतं. पण तो आवाज ऐकला आणि ती थेट उत्तरेकडच्या त्या मासेमारीच्या तळावर जाऊन पोचली.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची, तळावरची स्वयंपाकीण. तळं गोठलेलं, पुरुष बर्फाला भोकं पाडून खाली जाळी सोडायचे. ती पडद्यामागे झोपायची. पहाटे केस भिंतीवरच्या बर्फाला चिकटलेले असायचे. तेलाच्या पिंपाची शेगडी रात्रीतून विझून जायची आणि रोज ती उठायच्या आधी कोणीतरी पाय न वाजवता यायचं. बर्चच्या झाडाची साल कुरकुरायची, एकच काडी ओढली जायची. मग फू. फू. पाळी त्याची नसायची तरी रोज तोच, लांब मानेचा, कुणाशी न बोलणारा वाल्दी. ती डोळे मिटून ऐकत पडायची आणि शेगडी गुणगुणायला लागली की मगच उठायची. आपण जागे होतो हे तिने त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

तेव्हापासून लोवीसाने थंड घरात कधी पाय टाकला नव्हता. वाल्दीच्या छातीने धुराशी भांडण काढलं तेव्हा सिग्नीने हट्टाने लाकडाच्या जागी ही गॅसची शेकोटी बसवली. पहिल्या दिवशी बटण फिरवून वाल्दी हातात लोखंडी सळई घेऊन बसला आणि म्हणाला, "आता मी काय करू?" पण दुसऱ्या दिवशी पहाटे बटण फिरवायला उठला तो तोच.

लोवीसाने कप खाली ठेवला.

"वाल्दी, तुझी कवळी कुठेय?"

"तोंडात. का?"

"काढ. वरची खाली लाव आणि खालची वर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"मग शेकोटीची का तशी लावलीस? अरे, ते सरपण नाही, कवळी आहे. ज्याची त्याची जागा ठरलेली. उलटं करून बघ, खाली खाचा आहेत."

वाल्दीने तिरकं लाकूड उचलून उलटं केलं. खाच होती. मग दुसरं, मग तिसरं. लोखंडी जाळीवरच्या खुंट्यांवर सगळी एकेक करून खट्‌खट् बसली. त्याने बटण दाबून धरलं. निळी ज्योत ताठ उभी राहिली आणि तांब्याची काडी तिच्यात लाल झाली. त्याने बोट उचललं. ज्योत तिथेच. बटण फिरवलं, आणि भप्पकन सारी शेकोटी पेटली.

तो तिच्याकडे बघायला लागला. आगीकडे नव्हे, बायकोकडे.

"तुला कधी कळलं?"

"कॉफी आणली तेव्हा."

"आणि गप्प बसलीस?"

"बसले."

का, ते त्याने विचारलं नाही. बर्फाच्या आवाजावरून त्याची जाडी ओळखणारा माणूस तो.

इतक्यात सिग्नी दारात बूट आपटत आली. "पाबी, पेटत नाही म्हणे! ग्रीमीच्या बायकोने मला वाटेतच फोन..." आणि आगीपुढे थबकली. "कोणी पेटवली?"

वाल्दीने लोवीसाकडे पाहिलं. लोवीसा केक वाढत म्हणाली, "कोण पेटवणार? या घरात दुसरं कोणी पेटवतं का?"

सिग्नीचा चेहरा जरा पडला, पण केकने तो सावरला. वाल्दीने सवयीप्रमाणे थर मोजले, दुसरा तुकडा घेतला, आणि तो संपवून म्हणाला, "ती इमारत रविवारी उघडी असते का?"

सिग्नीला ठसका लागला. "पण पाबी, तू हरला नाहीस!"

"म्हणूनच विचारतोय. हरलेल्याला नेतात. न हरलेला आपण होऊन बघायला जातो." मग बशीतले कण टिपत म्हणाला, "तुझी आई तिथल्या लिफ्टमधून दोनदा वरखाली करून आलीय, असं ऐकतो."

"कोणी सांगितलं?" लोवीसा ओरडली.

"ग्रीमीच्या बायकोने."

निघताना त्याने मोठी आग बंद केली, लहानशी निळी ज्योत तेवती ठेवली. सवयीने हात सळईकडे गेला. लोवीसा त्याचा कोट धरून उभी होती.

"तिथे शेकोटी नाही म्हणतात," बाहीत हात घालत तो म्हणाला.

"नाही. पण पहाटे आधी उठून कॉफी ठेवायला तिथेही कोणीतरी लागेलच."

वाल्दीने गळ्यापर्यंत बटणं लावली, टोपी कानांवर ओढली. "शेगडी गॅसची आहे, का विजेची?"

"चल, बघू या," लोवीसा म्हणाली.