भर दुपारची मुलगी

इरावतीला झोप येते ती ओकारी आल्यासारखी, पोटातून वर. मेकअपच्या गाडीत एसी खडखडतोय. समोर हँगरवर बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड आणि पिसांचा मुकुट लटकलाय. केसांच्या तेलाची जाहिरात आहे. सेटवर दिवे बदलेपर्यंत तिला जरा पडायला सांगितलंय आणि उठल्यावर म्हणायची ओळ घोकायला: "मी आफ्रिकेची राजकन्या. जंगलाचा ताल माझ्या रक्तात आहे."

आफ्रिका हे बाईसाहेबांचं तिसरं माहेर. पहिल्या मालिकेच्या वेळी निर्माता म्हणाला, रंग आणि केस बघून लोक विचारणारच, गोव्याची आहे म्हणून सांग. ती गोव्याची झाली. पुढे मॅनेजर शेफालीनं तिला ब्राझीलची केली, कारण तेव्हा तसल्या नाचाची लाट होती. आता वारं आफ्रिकेचं, तर पाठ तिकडे. आणि तिचा खरा बाप, जोसेफ ओटिएनो, केनियातून पुण्यात शिकायला आलेला, साताऱ्याच्या सुनंदाशी लग्न करून इथेच राहिलेला आणि चार वर्षांपूर्वी वारलेला, तो मात्र तिच्या एकाही मुलाखतीत आला नाही.

आता येतो. डोळे मिटतात न मिटतात तोच गाडीच्या पायरीवर बसलेला दिसतो, हातात खोबरेल तेलाची वाटी.

"बस खाली. मान वाकव."

पाट कुठून आला हे ती विचारत नाही, बसते. दर रविवारी असंच असायचं. आईचा कंगवा या केसांत मोडायचा, म्हणून वेण्या घालायचं काम बाबाचं.

"हे काय करून ठेवलंस?" तो तिचे सरळ केलेले केस चाचपतो. "खराट्यासारखे लागतायत."

"लोकांना असेच आवडतात, बाबा."

"कुठल्या लोकांना? गोव्याच्या का ब्राझीलच्या?"

त्याचं मराठी पेठेत शिकलेलं, टोमणा बरोबर वर्मी बसतो. ती मान वर करते तर गाडी नाही. पुण्याचं पेशवे पार्क आहे, जुनं प्राणिसंग्रहालय, लोखंडी गज आहेत, आणि ती गजांच्या आत आहे. बाहेर माइक घेतलेली माणसं शेंगदाणे फेकतायत. "नक्की अर्धी कोण? किती टक्के?" एक बाई कडेवरच्या पोराला सांगते, "ती बघ हं, राजकन्या." इरावतीला त्या सगळ्यांची किळस येते. मग एक शेंगदाणा येतो आणि ती तो तोंडात झेलते, सवयीनं, हसून. तेव्हा तिला स्वतःचीच शिसारी येते.

"बाबा, मला काढ इथून."

बाबा गर्दीत उभा आहे, हातात तिकीट. "सिंह मी जन्मात पहिल्यांदा इथं पाहिला," तो म्हणतो. "तुझ्या आईबरोबर, तिकीट काढून. आमच्या गावात सरोवर, मासे आणि चर्च. माझे वडील शाळेत गणित शिकवायचे. जंगलाचा ताल म्हणे! मला साधं लेझीम जमलं नाही कधी."

तिला हसू येतं आणि हसता हसता रडू फुटतं. "मग मी काय सांगू? मी कोण?"

गज लहान होतात, लाकडाचे होतात. पाळणा. घुगऱ्यांचा वास. बारसं चाललंय. बाळाच्या कानात नाव सांगायचं आत्यानं, पण आत्या समुद्रापलीकडे. साताऱ्याच्या बायका एकमेकींकडे बघतायत. शेवटी बाबाच पुढे होतो. "अगं बाई, पुरुष?" कुणीतरी म्हणतं. तो वाकतो आणि अगदी रीतसर 'कुर्रर्र' करतो.

"तेव्हा कानात काय म्हणालास? आई म्हणायची, इरावतीच म्हणाला असेल."

"इरावती सगळ्यांनी मोठ्यांदा म्हटलं. मी म्हटलं, अचियेंग. आमच्यात मूल ज्या वेळेला होतं त्या वेळेचं नाव देतात. तू भर दुपारी झालीस. मी दवाखान्याबाहेर उन्हात उभा, पार भाजून निघालो."

"एवढंच?"

"एवढंच. त्यात टक्के नाहीत." त्याची बोटं तिच्या कानामागे केस आवळतात, तिच्या डोळ्यांत पाणी येतं. "आणि भर दुपारी झालेली पोर लपवायची तरी कुठं?"

दार वाजतं.

"मॅडम, शॉट तयार आहे." केस करणारी नलू आत येते, बिबट्याचं कापड तिच्या खांद्यावर टाकते, केस बाजूला सारते आणि थबकते. डाव्या कानामागे एक बारीक वेणी आहे, डोक्याला घट्ट धरलेली, खोबरेलानं निथळणारी.

"अगं बाई, ही कुणी घातली? मी तर मोकळे सोडले होते."

"कुणी का घालेना, सोडव पटकन," मागून शेफाली करवादते.

इरावती वेणीवर हात ठेवते. अजून ठणकतंय.

"जोसेफ ओटिएनोनं घातली," ती म्हणते. "माझ्या बाबानं. आणि ती ओळ मी म्हणणार नाही."

तेलाचा ओघळ मानेवरून बिबट्याच्या कापडावर उतरतो, डाग पसरत जातो. कापड भाड्याचं आहे म्हणून शेफाली ओरडते. इरावती डाग पुसत नाही.