सात पाड्यांतली पहिली

“पयला माझा घ्या,” म्हणत ती स्वतःच नमुना घ्यायची तपासणीची काडी घेऊन पडद्याआड जायची. बाहेर येऊन जमलेल्या बायांना विचारायची, “बघा, मेले का मी?” बाया हसायच्या आणि एकेक करून उठायच्या.

तुमच्याही ओळखीत असेल अशी कुणी, सगळ्यांच्या आधी उडी मारणारी. आमच्या मोखाड्याच्या प्रकल्पात ही सात पाड्यांवरून बाया जमवायची आणि मी नमुने नोंदवायची. गर्भाशयाच्या तोंडाला संसर्ग पुष्कळ जणींना होतो, बहुतेकींचा आपोआप जातो. ज्यांचा राहतो, त्यांच्या जनुकांवर खुणा उमटतात. जनुक तेच, पण एखादं बंद पडतं, एखादं भलत्या वेळी चालू होतं. त्या खुणांवरून पुढे कॅन्सर कुणाला होईल, हे ओळखायला शहरातल्या मॅडम कॉम्प्युटरला शिकवत होत्या. अंदाज अजून कच्चा, म्हणून तो कुणालाही सांगायचा नाही, अशी आम्ही सही केलेली.

एकदा मॅडमचा फोन आला. “अगं, सात पाड्यांवर एकेक बाई, आणि सातही जणींच्या खुणा हुबेहूब सारख्या! सगळ्या धोक्यात!”

मी यादी उघडली. सातही ठिकाणी पहिलाच नंबर. म्हणजे हीच. बायांना दाखवायला मी तिच्या काडीलाही नंबर द्यायचे, पण पडद्याआड ही नुसतं नाटक करते असं मी समजत होते. ही बया दर पाड्यावर खरोखरच नमुना देत होती!

सातही नमुने एकीचेच आहेत हे मी सांगितल्यावर मॅडमनी सहा वगळले. “आणि तिला?” मी विचारलं.

“अंदाज आहे गं, निदान नाही. नियम मोडता येणार नाही.”

इकडे आड, तिकडे विहीर. तीन आठवडे मी गप्प बसले. रोज ती समोर चहा पिताना विचारायची, “तोंड कशाला पाडलंस गं?” त्या तीन आठवड्यांची मला अजून लाज वाटते.

शेवटी खोडाळ्याच्या बाजारात तिला बाजूला घेतलं आणि सांगून टाकलं. ती म्हणाली, “मी दवाखान्यात गेले तं बाया म्हनतील, काडीनंच रोग लागला. परत कोनी यायची नाय.”

मी चिडले. “तू एकटी नाहीस, सात नमुने तसे निघालेत!” बोलून गेले खरी.

तिचा चेहरा उतरला. “बाकी सहा कोन?”

“नावं नाही सांगता येत.” खरं सांगितलं तर ही जाणारच नाही, म्हणून मी तसंच रेटलं.

चार दिवसांनी सातही पाड्यांवरच्या बाया घेऊन ती दारात हजर. “सगळ्यांनाच ने. त्यात त्या सहा असतीलच.” जीपा भरभरून आम्ही नाशिकला गेलो. बाकी सगळ्या परत आल्या, तिला डॉक्टरांनी ठेवून घेतलं. कॅन्सर पसरला होता, उशीर झाला होता. तीन आठवड्यांनी काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. मला ते पटत नाही. नियम मोडला म्हणून माझी नोकरी गेली, ती जाऊ दे.

भेटायला गेले, तर पहिला प्रश्न, “सहाजणी सापडल्या का गं?”

आता मला खोटं बोलवेना. “अगं, त्या सहाही तूच होतीस.”

ती माझा हात धरून म्हणाली, “मंग बाकी कोनाला काय नाय ना? बरा झाला.”

भाताची लावणी सुरू व्हायच्या आधीच ती गेली.