तांबडीच्या गळ्याची गाठ

नातीच्या अंगाला लावायला तेल कोमट केलं, की त्या वासासरशी मी निपाणीच्या आमच्या परसात जाऊन पोचते.

लग्न होऊन बेळगावहून नुकतीच तिथं आले होते. सासूबाईंना आत्या म्हणायचे, पण बिचकून फार बोलत नसे. एके दिवशी त्यांची लाडकी तांबडी कोंबडी दाण्याला तोंड लावेना. पंख फुगवून, डोळे मिटून भिंतीकडेला बसून राहिली.

"मरायच्या आत रस्सा करूया," मामंजी म्हणाले. आत्यांचा चेहरा उतरला.

मी कधी कोंबडीला हात लावला नव्हता. तरी धीर करून तिला मांडीवर घेतलं आणि चाचपत गेले. गळ्याखाली टणक गाठ लागली.

"आत्या, हितं बघा की!"

"व्हय गं! दाणं साठायची पिशवी तटलीया. वाळलं गवात गिळलंय बघ हिनं."

आत्या तिच्या चोचीत कोमट तेलाचे थेंब सोडू लागल्या, मी गाठ चोळत राहिले. आंबूस वास सुटला होता. हळूहळू ती गाठ मळलेल्या कणकेसारखी मऊ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजी न्याहारीला बसले, तर तांबडीनं त्यांच्या ताटातला भाकरीचा तुकडाच पळवला.

"आगं, रस्साच माझी भाकरी घेऊन पळाला की!"

आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. माझा हात धरून शेजारणीला ओरडून म्हणाल्या, "आमच्या सुनंला लई कळतंय बरं का!"

कोंबडी वाचली म्हणून त्या एवढ्या खूश आहेत, असं तेव्हा वाटलं होतं. आता मी स्वतः सासू झालेय, तेव्हा कळतं. नव्या सुनेशी काय बोलावं, हे तोवर त्यांनाही सुचत नव्हतं.