लामेकीचे पत्रे

लामेकी सुतार कालिंडीझात नांदायला आला तेव्हा त्याच्या एका खांद्यावर करवत होती आणि दुसऱ्या खांद्यावर गुंडाळलेली चटई. आता त्याला मुली होत्या, नातवंडं होती, गावातल्या निम्म्या घरांची दारं त्याच्या हातची होती. तरी पाण्यावरच्या बायका त्याला अजून ‘एनेलेसीकडचे जावई’च म्हणत. त्याचं त्याला काही वाटत नसे. गावातले सगळेच पुरुष कुणाकडचे तरी जावई होते. घर बायकोचं, वावर बायकोचं, पोरं बायकोच्या कुळाची. आपण राबावं, ताटातला मक्याचा न्सिमा खावा आणि मेहुण्यासमोर आवाज चढवू नये, हे तो आईच्या पोटातूनच शिकून आला होता.

त्याची झोप उडवली ती शेजारच्या जेलोसी म्हाताऱ्याने. जेलोसीची बायको वारली. दुखवटा संपला तशी तिच्या भावांनी गोड बोलून त्याच्या हातात कुदळ, कुऱ्हाड आणि चटई दिली. “बाबा, तुम्ही फार चांगले राहिलात. आता आपल्या माणसांत जा.” आपली माणसं कुठली? बहीण कधीचीच मेलेली. भाच्याने मक्याच्या कणगीखाली झोपायला जागा दिली. लामेकी त्याला भेटायला गेला तेव्हा म्हातारा म्हणाला, “बरं आहे की. उंदीर आहेत सोबतीला.” आणि हसला. ते हसणं काही केल्या लामेकीच्या डोक्यातून जाईना.

म्हणून त्याने पत्रे घेतले. त्याची बहीण डोलिका मतुंडूत राहायची, डोंगराच्या पलीकडे. तिच्या अंगणाच्या कडेला त्याने एका खोलीपुरत्या भिंती उभ्या केल्या. एनेलेसीला सांगितलं, तिकडच्या शाळेची बाकं करतोय. पत्रे सायकलवर आडवे बांधले, वरून गवताचे भारे टाकले आणि कुणी विचारलंच तर “बहिणीचं छप्पर गळतंय” असं म्हणत डोंगर चढला.

बायकोला त्याने सांगितलं नाही. सांगणार कसं? बायको जिवंत असताना जो दुसरीकडे स्वतःपुरतं घर बांधतो, तो तिचे श्वास मोजत बसलाय असं त्या मुलखात मानतात. एनेलेसीचे श्वास तो मोजत नव्हता. ती आधी गेली तर आपलं काय, एवढंच मोजत होता. पण हा फरक पंचांपुढे कुणाला समजावून सांगता आला असता?

आणि मग रेडिओवर सादाला आला.

दर बुधवारी संध्याकाळी रेडिओवर ‘कापिरीची वाट’ लागायची. कापिरी नावाच्या गावातल्या एका कुटुंबाची गोष्ट. आज भांडण, उद्या पळापळ, परवा खोट्या गर्भारपणाचा गवगवा. लामेकीच्या थोरल्या मुलीने, फालेसीने, रेडिओ खिडकीत ठेवला की आळीतल्या बायका चटया घेऊन येत, शेंगा फोडत ऐकत. पुरुष जरा लांब बसत आणि आपण ऐकत नाही असं दाखवत.

त्या बुधवारी मालिकेतल्या जावयाने, म्हाताऱ्या सादालाने, गवताचे भारे सायकलवर लादले आणि बहिणीच्या गावची वाट धरली. वाटेत त्याला मेहुणा भेटला.

“काय नेताय, दाजी?”

“गवत हो, गवत. छपराला.”

आणि रेडिओतून खण्णकन पत्र्याचा आवाज आला.

“गवत वाजतंय होय रे, मेल्या!” फालेसीची सासरहून आलेली नणंद मांडीवर थाप मारून ओरडली. सगळं अंगण खो खो हसलं. एनेलेसीही हसली. हसता हसता तिने मागे वळून पुरुषांकडे एकदा पाहिलं.

लामेकी जरा मागे सरकला. सायकल तीच, गवत तेच, बोललेलं वाक्यसुद्धा जवळजवळ तेच. रेडिओवाल्यांच्या स्वप्नात तर हे आलं नसेल. कुणीतरी सांगितलंय.

त्या दिवसापासून त्याला माणसं वेगळी दिसायला लागली. सुकी मासळी विकणारा डोंगराच्या वाटेवर भेटला होता, त्याने गवताकडे जरा जास्तच वेळ पाहिलं नव्हतं का? डोलिकाच्या तोंडात तर तीळ भिजत नाही. पाण्यावर बायका हसल्या की त्याला वाटे, आपल्यावर. हसायच्या थांबल्या की वाटे, आपल्याला पाहून थांबल्या. रंधा मारता मारता तो एकेकाचं नाव मनात घेई आणि शेवटी एकाच नावाशी येऊन थांबे: सिनोया.

सिनोया म्हणजे एनेलेसीचा भाऊ, लामेकीच्या मुलींचा मामा, घराण्याचा कर्ता. राहायचा ओढ्यापलीकडे, स्वतःच्या बायकोच्या गावी. पण बहिणींच्या घरात पान हललं तरी सायकल काढून हजर. आणि थंडीच्या दिवसांत रेडिओचे लोक त्याच गावात आले होते. झाडाखाली बसून थोब्वा, मक्याचं आंबील, पीत त्यांनी लोकांना विचारलं होतं, तुमच्याकडे घरातली भांडणं कशावरून होतात? सिनोयासारखा बोलघेवडा तिथे गप्प बसला असेल?

पुढच्या बुधवारी मालिकेतली सादालाची बायको आजारी पडली. सादालाने दिलेली पेज प्यायली आणि रात्रीपासून तिच्या पोटात कळा. मेहुणा म्हणाला, “घर बांधून तयार झालंय ना त्याचं? मग आता हिची काय गरज?” अंगणात कुणी हसलं नाही.

नेमका त्याच आठवड्यात एनेलेसीला खोकला लागला. बोचरा वारा सुटला होता, आळीत चार जणींना लागला होता. पण लामेकीला सादालाची बायको आठवली. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून तिच्यासाठी थोब्वा आणला, गोड, कोमट. तिच्या हातात भांडं दिलं.

एनेलेसीने भांड्यात पाहिलं. मग ते त्याच्यापुढे धरलं. “आधी तुम्ही.”

पाहुण्याला पेय देताना आधी स्वतः घोट घ्यायचा, म्हणजे त्यात काही नाही हे कळतं, ही रीत लामेकीला माहीत होती. पण ती परक्यांची रीत. इतक्या वर्षांत एनेलेसीने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

“असं काय म्हणतेस, फालेसीच्या आई?”

“गंमत केली हो. सगळ्याच बायका करताहेत या आठवड्यात. फालेसीच्या नणंदेने तर नवऱ्याला मीठसुद्धा चाखायला लावलं.” ती हसली, खोकली, पुन्हा हसली. “प्या ना. का, भीती वाटते?”

लामेकीने घोट घेतला. तो घशाखाली जाताना त्याची खात्री झाली: हिला सगळं माहीत आहे.

सकाळी उठल्याबरोबर तो ओढा ओलांडून सिनोयाकडे गेला. सिनोया अंगणात सायकलच्या चाकाला हवा भरत होता. लामेकी मेहुण्यासमोर कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला.

“मामा, तुम्ही माझ्या घरात विष कालवलंत!”

“अहो दाजी, सकाळी सकाळी काय प्यायलात?”

“रेडिओवाल्यांना तुम्हीच सांगितलंत. माझ्या पत्र्यांचं. मतुंडूच्या घराचं. गवताखाली लपवून नेले तेही सांगितलंत!”

सिनोयाचा हात पंपावरच थांबला. चाकातली हवा सुईसुई करत निघून गेली.

“कुठले पत्रे?” तो म्हणाला.

लामेकीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. सिनोया लबाडी करताना भुवया वर करायचा, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. भुवया जागच्या हलल्या नव्हत्या.

“अरे देवा,” सिनोया हळूहळू म्हणाला. “तळ्यापासून डोंगरापर्यंत प्रत्येक जावई गवताखाली काही ना काही नेतो, म्हणून तर रेडिओवाल्यांनी ते घेतलं. सादालाला ऐकून घरोघरचे पुरुष खाली मान घालून बसले होते. आणि ओरडत माझ्या दारात आलात ते तुम्ही एकटे!” मग त्याचा चेहरा कर्त्या पुरुषाचा झाला. “माझ्या बहिणीच्या मरणाची तयारी करताय तर. बसू या आपण. बोलवा तुमचा जामीन.”

त्या मुलखात लग्न दोन माणसं लावत नाहीत. दोन जामीन लावतात, एक मुलीकडचा, एक मुलाकडचा. कोंबडा आणि कोंबडीची देवाणघेवाण करून ते लग्न बांधतात आणि सोडायची वेळ आली तर तेच सोडतात. एनेलेसीचा जामीन सिनोया. लामेकीचा जामीन त्याचा चुलतभाऊ वाट्सोनी, भिडस्त माणूस. तो मतुंडूहून चालत आला आणि बसल्याबसल्या पायातले काटे काढू लागला.

बैठक एनेलेसीच्या अंगणात, आंब्याखाली भरली. बायका एका बाजूला. त्यांच्यात सिनोयाची बायकोही होती. नवरा बोलतो कसा हे ऐकायला ती हौसेने आली होती. एनेलेसी भिंतीला टेकून, अंगावर गुंडाळलेल्या चितेंजेच्या पदरात तोंड झाकून खोकत होती.

सिनोयाला बोलायला कुणी शिकवायला नको होतं. “आम्ही या माणसाला आमचं वावर दिलं. आमची बहीण दिली. आमच्या मक्यावर तो पोसला. आणि त्याने पैसा लावला कुठे? आपल्या बहिणीच्या अंगणात! ज्याचं मन बायकोपाशी आहे तो पुरुष बहिणीच्या दारात दार-खिडक्या बसवत नाही. बहिणीकडे सामान ठेवतो तो माणूस निघायच्या तयारीत असतो. चूक बोलतोय का मी?”

“नाही, नाही,” बायका म्हणाल्या.

दार-खिडक्या. लामेकीच्या डोक्यात काहीतरी खटकन जागेवर बसलं. कापणीनंतर सिनोयाने त्याच्याकडून एक दार आणि दोन खिडक्या करून घेतल्या होत्या, म्लोम्ब्वाच्या लाल लाकडाच्या, देखण्या. लामेकीला वाटलं होतं, बायकोच्या घरासाठी असतील. पण त्या ओढ्यापलीकडे गेल्याच नाहीत. एनेलेसीच्या मागच्या खोलीत पोत्यांखाली पडून होत्या. ‘राहू दे जरा, नंतर नेईन,’ असं सिनोया म्हणाला होता. एनेलेसी म्हणजे सिनोयाची बहीण. आणि एनेलेसीच्या घरामागे रिकामी जागा होती.

लामेकीने मान वर केली. समोर सिनोया बोट नाचवत होता. पलीकडे सिनोयाची बायको कौतुकाने ऐकत होती. एक वाक्य पुरे होतं: मामा, मागच्या खोलीतलं तुमचं दार कुणासाठी? त्याने तोंड उघडलं.

एनेलेसी त्याच्याकडे पाहत होती. पदर तोंडावर होता, फक्त डोळे दिसत होते. ते डोळे बायकोचे नव्हते; बहिणीचे होते. तिला दाराचं माहीत होतं आणि हा काय बोलणार आहे तेही कळलं होतं. तिने मान हलवली नाही, काही नाही. नुसती पाहत राहिली.

लामेकीला वाटलं, ती आपल्याला अडवतेय की आपली परीक्षा घेतेय? की, हा आज माझ्या भावाला नागवा करतो तर उद्या मला काय करील, असा विचार करतेय? त्याला काहीच कळेना. एवढंच कळलं की ते वाक्य बाहेर पडलं तर सिनोयाचं घर मोडेल, आणि मग आपण या अंगणात जेवू शकू, पण एनेलेसी आपल्या ताटात पुन्हा कधी हात घालणार नाही.

“बोला, दाजी. तोंड उघडलंय तर बोला,” सिनोया म्हणाला.

“पत्रे आणतो,” लामेकी म्हणाला. “इथल्या घरावर चढवतो.”

वाट्सोनीने काटा काढता काढता सुस्कारा सोडला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सिनोयाने ऐटीत सायकल काढली. मात्र निघताना मागच्या खोलीच्या दाराकडे त्याची नजर गेली आणि लामेकीशी नजर भिडताच तो पायडल चुकला.

मतुंडूत डोलिका पत्रे उतरवताना पाहत उभी होती. हात लावायला पुढे आली नाही.

“म्हणजे तू त्यांचाच झालास,” ती म्हणाली. “मेलास की तुला पुरायला कोण येणार, तेही त्यांनाच विचारून ठेव. की तुझे पत्रे तुझ्याच भाच्यांना मिळू नयेत असं शिकवलंय तुला तिने?”

“तसं नाही गं.”

“कसं आहे मग?”

त्याने पत्रे सायकलवर आडवे बांधले. या खेपेला पत्र्यांवर गवत टाकायची गरज नव्हती, ऊन पडून ते लांबूनच चमकत होते आणि वाटेतल्या प्रत्येक गावातून पोरं ओरडत होती, “सादाला! ए सादाला!”

एनेलेसीच्या घराचं जुनं गवत काढून टाकलं आणि तो वर चढला. ती खालून खिळे देत होती. खोकला अजून गेला नव्हता. आळीतल्या बायका येता जाता थांबून छपराकडे बघत आणि एनेलेसीचं अभिनंदन करत. पहिल्या पत्र्याला त्याने दोन खिळे ठोकले आणि तिसऱ्यासाठी हात खाली केला.

हातात काही आलं नाही.

“दोन पुरे,” एनेलेसी म्हणाली.

“अगं, वारा उडवून नेईल.”

“वर दगड ठेवा.”

“दगड ठेवून छप्पर टिकतं का? लोक काय म्हणतील, सुताराचं घर आणि...”

“फालेसीचे बाबा.” तिने आवाज खाली केला, शेजारीण अजून कुंपणापाशी होती. “सगळेच्या सगळे ठोकून ठेवलेत तर काढणार कोण नंतर? सिनोया काढून देईल तुम्हाला?”

लामेकी पत्र्याच्या कडेवरून खाली वाकला. तिच्या डोक्याला बांधलेलं फडकं तेवढं दिसत होतं. चेहरा दिसत नव्हता. नंतर म्हणजे कधी? मी गेल्यावर हे तुमचे, असं ती म्हणत होती, की तुम्ही जाणारच आहात, असं? विचारावं असं फार वाटलं. पण तेवढ्यात तिला उबळ आली. कुंपणापाशी शेजारीण कान देऊन उभी होती, आणि काही प्रश्न छपरावरून ओरडून विचारायचे नसतात.

“बरं,” तो म्हणाला. “दे दगड.”

एनेलेसीने चुलीमागचा मोठा दगड दोन्ही हातांनी हलवून पाहिला. तो तिला एकटीला उचलेना. लामेकी हातोडा वरच ठेवून शिडीवरून खाली उतरला.